कॉलेज बेसबॉलमध्ये हिटिंग कोच व्हायचंय? सुरुवात कुठून आणि कशी करायची

अमेरिकेतल्या मराठी घरांतली बरीच पोरं आता लिटल लीग, मग हायस्कूल बेसबॉल असं करत कॉलेजपर्यंत पोचतात आणि खेळणं संपलं तरी काहींचा पाय मैदानातून निघत नाही. दुसरीकडे किनेसिऑलॉजी नाहीतर स्पोर्ट सायन्सचं मास्टर्स करायला भारतातून आलेली मुलंमुलीही आहेत ज्यांना कोचिंगचं आकर्षण असतं पण दार कुठे आहे तेच कळत नाही. हा लेख त्या सगळ्यांसाठी, आणि विषय एकच, कॉलेज टीममधला तो असिस्टंट कोच ज्याच्याकडे बॅटिंगची जबाबदारी असते. आधीच एक सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या कॉलेजच्या लोगोमागे धावू नका, जिथे तुमच्या स्वतःच्या हाताखाली खरेखुरे हिटर मिळतील तिथे जा, मग ते गाव नकाशावर शोधावं लागलं तरी चालेल.

पायरी १: काम नक्की काय असतं ते बघा

नाव हिटिंग कोच असलं तरी दिवसभर केजमध्ये (जाळी लावलेल्या सरावाच्या जागेत) उभं राहून स्विंग सुधारत बसायचं असं नसतं. त्याच माणसाकडे बहुतेक वेळा आउटफिल्डर्स किंवा कॅचर्स पण असतात, मॅचमध्ये फर्स्ट नाहीतर थर्ड बेसला उभं राहून रनर्स सांभाळायचे असतात, रिक्रूटिंगसाठी गावोगाव फिरायचं असतं, उन्हाळी कॅम्प चालवायचे असतात, आणि छोट्या कॉलेजात तर मैदानाची माती सारखी करणं, बस बुक करणं, युनिफॉर्म धुवायला टाकणं हेही तुमच्याच अंगावर येतं.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, आधी हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटियर असिस्टंट अशी रचना होती, आणि हा व्हॉलंटियर बाकीच्यांइतकंच राबायचा पण कॉलेजकडून पगार शून्य, कॅम्पच्या पैशांवर घरभाडं काढायचं. जुलै २०२३ पासून कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने ते पदच काढून टाकलं आणि आता हेड कोच धरून चार पगारी कोच ठेवता येतात. जुन्या व्हॉलंटियर कोचेसनी त्याआधी कोर्टात दावा पण लावला होता आणि त्यात तडजोड होऊन पैसे मिळाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कित्येक चांगली माणसं निव्वळ परवडत नाही म्हणून या धंद्यातून बाहेर पडली.

वर्षाचं गणित असं. ऑगस्ट-सप्टेंबरला कॉलेज सुरू झालं की फॉल प्रॅक्टिस आणि आपसातल्या मॅचेस, मग थंडीत छोट्या गटांत काम, जानेवारीत परत पूर्ण टीम, फेब्रुवारीच्या मध्यावर सीझन. डिव्हिजन वनला रेग्युलर सीझनमध्ये ५६ पर्यंत मॅचेस, मे अखेरीला कॉन्फरन्स (कॉलेजांचा गट) टूर्नामेंट, मग ६४ टीम्सची राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यातल्या शेवटच्या ८ टीम्स जूनमध्ये ओमाहाला. सीझन चालू असताना आठवड्याला २० तास आणि ऑफसीझनला ८ तास एवढीच सक्तीची प्रॅक्टिस घेता येते. म्हणजे हिटर घडवायचा खरा वेळ फॉलमध्ये आहे. मार्चमध्ये कोणाचा स्विंग उलटापालटा करायला गेलात तर पोरगं दोन्हीकडून जाईल, जुना स्विंग गेला आणि नवा आला नाही.

पायरी २: मी स्वतः कॉलेजला खेळले नाही, चालेल का?

खेळलेलं असलं तर दार लवकर उघडतं हे खरंय, ते लपवण्यात अर्थ नाही, कारण पहिली नोकरी बऱ्याचदा आपल्याच जुन्या कोचच्या एका फोनवर मिळते. पण तेवढाच रस्ता नाही. रेचेल बाल्कोवेक सॉफ्टबॉलची कॅचर, मग स्ट्रेंथ कोच, मग नेदरलँड्सला जाऊन ह्यूमन मूव्हमेंटचं शिक्षण, हिटर्सच्या नजरेच्या हालचालींवर काम, आणि तिथून यँकीजच्या मायनर लीग सिस्टीममध्ये हिटिंग कोच. दुसऱ्या टोकाला टोनी ग्विन, ३,१४१ हिट्स आणि ८ बॅटिंग टायटल्स खात्यावर असलेला माणूस, तो सॅन डिएगो स्टेटला कोच झाला. हिटिंग व्हिडिओवर बघून शिकायची सवय या खेळाला लावणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घेतात, म्हणजे एवढं देवानं दिलेलं असूनही तो बसून अभ्यास करायचा.

डिग्री मात्र लागतेच. बॅचलर्स तर हवीच, आणि मास्टर्स असली तर ग्रॅज्युएट असिस्टंटचा दरवाजा उघडतो, त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी ३: हिटिंग शिका, पण पोरांना सांगता येईल असं

आधी आकडा. पिचर जिथून बॉल टाकतो ती रबरी पट्टी हिटरसमोरच्या प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, बॉल सुटतो तो त्याहून पाचसहा फूट पुढून. ताशी ९० मैलांचा बॉल ०.४ सेकंदांच्या आसपास प्लेटवर येतो आणि त्यातला बराचसा वेळ स्विंग पूर्ण व्हायलाच लागतो. म्हणजे मारायचा की सोडायचा हे हिटरने बॉल अर्ध्या वाटेवर असतानाच ठरवलेलं असतं. क्रिकेट बघून मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना सवय टप्पा बघायची, इथे टप्पाच नाही, सगळी माहिती पिचरच्या हातातून आणि बॉलच्या फिरकीतून घ्यायची. म्हणून हिटिंग कोचचं निम्मं काम स्विंगचं आणि निम्मं निर्णयाचं, आणि नवीन लोक हे दुसरं निम्मं विसरतात कारण स्विंग कॅमेऱ्यात दिसतो आणि निर्णय दिसत नाही.

स्विंगमध्ये क्रम बघायला शिका: आधी कंबर फिरते, मग धड, मग हात, शेवटी बॅट. बॉल वरून खाली येत असतो, फास्टबॉल सुद्धा, त्यामुळे बॅट थोडी वरच्या दिशेने जाणं हे बरोबरच आहे, आणि जुना दिग्गज हिटर टेड विल्यम्स हे कित्येक दशकांपूर्वी सांगत होता तरी अजूनही लहान पोरांना 'खाली मार, खाली मार' असं शिकवलेलं सापडतं. आतल्या पिचला कॉन्टॅक्ट शरीराच्या पुढे, बाहेरच्या पिचला थोडा मागे, हे इतकं रक्तात भिनायला हवं की मागे उभं राहून नुसत्या आवाजावरून पोरगं लवकर गेलं का उशिरा ते कळलं पाहिजे.

बॅटचं पण माहीत असू द्या. कॉलेजमध्ये २०११ पासून बीबीकोर स्टँडर्डच्या (बॉलची उसळी मर्यादित ठेवणाऱ्या) मेटलच्या बॅट्स आहेत, इंच आणि औंस यातला फरक ३ च्या वर नको, म्हणजे ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची. उन्हाळ्यात हीच पोरं केप कॉड लीगसारख्या ठिकाणी लाकडी बॅट घेऊन खेळतात आणि तिथे मेटलने झाकलेल्या चुका उघड्या पडतात.

टेक्नॉलॉजी टाळता येणार नाही. बॅटच्या मुठीला लावायचा ब्लास्ट मोशनचा सेन्सर, केजमध्ये मारलेला बॉल मोजणारं हिटट्रॅक्स किंवा रॅपसोडो, मोठ्या मैदानावर ट्रॅकमन, व्हिडिओसाठी सिनर्जी. एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून निघालेल्या बॉलचा वेग), लाँच अँगल (तो किती कोनात वर जातो), बॅट स्पीड, स्ट्राइक झोनच्या बाहेरच्या किती पिचवर स्विंग केला ते, हे शब्द तुमच्या तोंडात बसले पाहिजेत. ताशी ९५ मैल आणि त्यावर गेलेला बॉल 'हार्ड हिट' धरतात. ड्राइव्हलाइनसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्सेस आहेत, एखादा करा, पण माझं मत विचाराल तर आकडा पोराला दाखवायचा तो फक्त त्याच्या पुढच्या कामाशी संबंध असेल तर. एकोणीस वर्षांच्या पोरासमोर एका दिवशी नऊ आकडे टाकले की तो दहाव्या बॉलला विचार करत बसतो आणि बॉल कॅचरच्या हातात.

आता प्रॅक्टिस कशी लावायची. १९९४ मध्ये ज्युनिअर कॉलेजच्या (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) हिटर्सवर झालेला एक छोटा पण फार कामाचा अभ्यास आहे. आठवड्याला दोन जादा सेशन, सहा आठवडे, दर सेशनला ४५ पिच. एका गटाला १५ फास्टबॉल, मग १५ कर्व्ह (वळणारे), मग १५ चेंजअप (फसवे, हळू) असे गठ्ठ्याने दिले, दुसऱ्या गटाला तेच ४५ पण पुढचा कुठला येईल हे न सांगता मिसळून. शेवटी मिसळून खेळलेला गट साधारण ५७ टक्क्यांनी सुधारला, गठ्ठ्याने खेळलेला २५ टक्क्यांनी, आणि ज्यांना जादा प्रॅक्टिस नव्हती ते ६ टक्के. गंमत अशी की मिसळलेली प्रॅक्टिस बघायला वाईट दिसते, पोरं चुकतात, चिडतात, बाजूला उभा हेड कोच भुवया वर करतो. तरी मागे हटू नका, फक्त हेड कोचला आधी सांगून ठेवा की आज केजमध्ये असंच दिसणार आहे आणि का.

आणि बोलणं कमी. समजा उजव्या हाताचा हिटर बाहेरच्या पिचवर सारखा मनगट उलटवून डावीकडे शॉर्टस्टॉप या फिल्डरकडे घरंगळता बॉल मारतोय. पहिली इच्छा होते सांगायची की बाबा मनगट लवकर वळवू नकोस, कोपर असं ठेव, खांदा उघडू नकोस. यातलं काहीच सांगायचं नाही. टी (बॉल ठेवायचा स्टँड) बाहेरच्या कडेला न्यायची आणि थोडी मागे, जिथे त्या पिचचा कॉन्टॅक्ट व्हायला हवा तिथे, आणि केजच्या जाळीवर राइट-सेंटरच्या बाजूला एक टॉवेल बांधायचा, 'त्या टॉवेलला मार, लाइन ड्राइव्ह' (म्हणजे सरळ रेषेत, कडक) एवढंच म्हणायचं. पहिले चारपाच डावीकडे जातील, गप्प बसा. मग एखादा नीट जातो, आवाज वेगळा येतो, पोरगं स्वतःच मागे वळून बघतं, तेव्हा विचारायचं, 'काय वेगळं वाटलं?' आणि तो जे शब्द वापरेल ते लिहून ठेवायचे, कारण एप्रिलमध्ये तेच शब्द त्याला परत द्यायचेत. लक्ष शरीराच्या भागाकडे न ठेवता बाहेरच्या लक्ष्याकडे ठेवलं की हालचाल चांगली शिकली जाते, यावर गॅब्रिएल वुल्फ यांचं वर्षानुवर्षांचं संशोधन आहे.

पायरी ४: तुमचा हात तयार करा

हे कोणी सांगत नाही म्हणून मोठं लिहितेय. हिटिंग कोचला बॉल टाकता आला पाहिजे, रोज, शेकड्यांनी, एकसारखा. टीम इंडियात थ्रोडाऊन देणारा राघवेंद्र आठवतो ना, कोहली वगैरे मंडळी त्याचं किती नाव घेतात, तीच किंमत इथे चांगल्या फ्रंट टॉसला आहे. फ्रंट टॉस म्हणजे १५-२० फुटांवर एल-स्क्रीनच्या (एल आकाराच्या संरक्षक जाळीच्या) मागे बसून किंवा उभं राहून खालून टाकलेला बॉल. तो तरंगत जाता कामा नये, सरळ रेषेत, जरा जोर लावून, हिटरला हात मागे नेऊन टायमिंग साधता येईल अशा एकाच लयीत. हात दाखवायचा, मागे न्यायचा, टाकायचा, आणि टाकल्या टाकल्या हात आणि डोकं स्क्रीनच्या आड. हे शेवटचं सवयीचं होईपर्यंत पोरांसमोर उभे राहू नका, लाइन ड्राइव्ह परत यायला वेळ लागत नाही.

मग ओव्हरहँड बीपी, म्हणजे बॅटिंग प्रॅक्टिससाठी वरून टाकलेला बॉल, ३५-४० फुटांवरून. ४० फुटांवरून ताशी ६० मैलांनी टाकलात तर वेळेच्या हिशोबात तो ६० फुटांवरून आलेल्या साधारण ९० मैलांच्या बॉलइतका होतो, त्यामुळे फार जोर लावायची गरज नसते पण स्ट्राइक टाकता आले पाहिजेत. दहातले सहा बॉल प्लेटबाहेर जाणाऱ्या कोचकडे पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. भिंतीवर चौकोन काढून घरी सराव करा, त्यात कमीपणा काही नाही. खांदा सांभाळा, गरम करून मगच टाका, सीझन लांब आहे.

मशीन पण शिका, खासकरून तीन चाकांची, ज्यातून ब्रेकिंग बॉल, म्हणजे स्लायडरसारखा वळणारा बॉल, काढता येतो. स्लायडर एका जागी पडेल असं सेट करायला नवीन माणसाला अर्धा तास लागतो आणि तोपर्यंत बारा पोरं बॅट घेऊन उभी असतात, म्हणून प्रॅक्टिसच्या आधी जाऊन सेट करून ठेवायचं, ओले बॉल वेगळे काढायचे. हेड कोच या गोष्टी बघत असतो.

पायरी ५: पहिली जागा

पर्याय साधारण हे. ज्युनिअर कॉलेज, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) किंवा डिव्हिजन थ्रीमधली असिस्टंटची जागा, पैसे वर्षाला काही हजार डॉलर, कधी हॉस्टेलमधली खोली आणि मेसचं जेवण. डिव्हिजन टू-थ्री आणि एनएआयएमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्सची फी माफ किंवा कमी आणि वर थोडा स्टायपेंड. आणि उन्हाळ्यात कॉलेज खेळाडूंच्या लीग्ज, नॉर्थवूड्स, कोस्टल प्लेन वगैरे, तिथे दोनअडीच महिने जवळजवळ रोज मॅच, यजमान कुटुंबाकडे राहणं, लांबचे बस प्रवास, पण एका उन्हाळ्यात तुम्ही वेगवेगळ्या कॉलेजांचे हिटर्स आणि त्यांच्या कोचेसनी काय शिकवलंय ते बघता. नवीन माणसाला माझा सल्ला: उन्हाळी लीग अधिक ज्युनिअर कॉलेज. ज्युनिअर कॉलेजला स्टाफ छोटा, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हिटर्स तुमचे, आणि पोरं दोन वर्षांत चार वर्षांच्या कॉलेजला जायला आसुसलेली, म्हणजे ऐकतात. मोठ्या कॉलेजात व्हिडिओ कापायची नोकरी मिळाली तर दिसायला भारी, जर्सी भारी, पण वर्षभर कोणाला एक शब्द शिकवायला मिळेलच असं नाही.

भारतातून एफ-१ व्हिसावर आला असाल तर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप हा सगळ्यात सरळ रस्ता, कारण ते कॅम्पसवरचं काम धरतात, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा. डिग्रीनंतर ओपीटी (काही काळ काम करायची परवानगी), पुढे एच-१बी, आणि विद्यापीठांना एच-१बीची वार्षिक संख्या-मर्यादा लागू नसते ही त्यातली चांगली बाजू. पण फुकट काम करतोय म्हणजे व्हिसाला चालतं असं समजू नका, जे काम एरवी पगारी असतं ते फुकट केलं तरी नोकरीच धरली जाऊ शकते. हो म्हणण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा.

पैशांचं स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षं ओढाताण होणार. कॅम्प आणि लेसन्समधून थोडं येतं, पण नववी आणि त्यापुढची मुलं नियमांच्या दृष्टीने 'प्रॉस्पेक्ट' (कॉलेजात घेता येतील असे संभाव्य खेळाडू) असतात, म्हणून लेसन्सचे पैसे घेण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसला विचारायचंच. मोठ्या कॉन्फरन्समधल्या असिस्टंटना सहा आकडी डॉलर पगार मिळतात हे खरं, पण तिथवर पोचणारे थोडे. घरच्यांना हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर प्रत्येक दिवाळीच्या फोनवर 'अरे मग नोकरी कधी बघणार' हे ठरलेलं.

पायरी ६: प्रत्येक हिटरचं एक पान

पहिल्या आठवड्यापासून ठेवा. सुरुवातीचा व्हिडिओ बाजूने आणि समोरून, बॅट स्पीड, एक्झिट व्हेलॉसिटी, कुठल्या पिचवर हरतो, काय बदलायचं ठरलं, तारीख. एका वेळी एकच बदल. दर काही आठवड्यांनी तेच परत मोजायचं. याचे दोन फायदे, पोराला पुरावा दिसतो आणि तुम्हाला पुढच्या इंटरव्ह्यूला दाखवायला काहीतरी असतं. सगळे कोच म्हणतात मी हिटर्स डेव्हलप करतो. तुम्ही सप्टेंबरचा आणि मेचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून काय केलं ते पाच मिनिटांत सांगू शकलात तर खोलीतलं वातावरण बदलतं. खेळाडूचं नाव आणि आकडे बाहेर दाखवताना त्याची परवानगी घ्या.

पायरी ७: सलग आउट होणारं पोर

इथे बरेच हुशार कोच कमी पडतात. बारा वेळा बॅटिंगला येऊन एक हिट नाही, घरून फोन, सोशल मीडियावर अनोळखी लोकांच्या शिव्या, आणि पोर केजमध्ये तासभर एकटंच मारत बसलंय. आधी बॉलची बादली उचला आणि टॉस टाकायला लागा, स्विंगबद्दल काही बोलू नका. मग शेवटच्या बारा बॅटिंगचा व्हिडिओ सोबत बघा आणि फक्त पिच निवड बघा. बऱ्याचदा निघतं असं की चार बॉल कडक मारलेत आणि फिल्डरकडे गेलेत, तीन वेळा झोनच्या बाहेरच्या स्लायडरच्या मागे बॅट गेलीय, मग काम उरतं ते त्या स्लायडरचं, आख्ख्या स्विंगचं नाही. झोप होतेय का, जेवतोय का, परीक्षा आहेत का, हे विचारायला लाजू नका. आणि गोष्ट तुमच्या आवाक्याबाहेरची वाटली तर त्याच दिवशी कॉलेजच्या काउन्सेलरपर्यंत न्या.

पायरी ८: रिक्रूटिंग

थोडक्यात. असिस्टंट म्हणून वर चढायचं तर खेळाडू ओळखता आणि आणता आले पाहिजेत. डिव्हिजन वनमध्ये अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासूनच मुलाशी रिक्रूटिंगचं बोलता येतं. शिवाय ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादी) आल्यापासून तुम्ही दोन वर्षं घडवलेला हिटर जूनमध्ये दुसरीकडे जाऊ शकतो, आणि २०२५-२६ पासून हाऊस केसच्या (खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्याच्या) तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना टीममध्ये जास्तीत जास्त ३४ खेळाडू, पूर्वीची ११.७ स्कॉलरशिपची मर्यादा गेली. जागा कमी झाल्या की फ्रेशमनला (पहिल्या वर्षाच्या पोराला) थांबवून घडवायचा धीर कॉलेजं कमी दाखवतात. मला याचं वाईट वाटतं, पण तिथून बाहेर पडलेली पोरं ज्युनिअर कॉलेज आणि डिव्हिजन टूमध्ये येतात, आणि तिथे त्यांना घडवणारा कोच लागतो.

हा रस्ता किती लांब जाऊ शकतो त्याचं ताजं उदाहरण टोनी व्हिटेलो. मिझुरीत खेळला, तिथेच असिस्टंट, मग टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), मग आर्कान्सॉला हिटिंग आणि रिक्रूटिंग, २०१७ ला टेनेसीचा हेड कोच, २०२४ ला नॅशनल चॅम्पियन, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला मॅनेजर (प्रो टीमचा मुख्य कोच) केलं, प्रो बेसबॉलमध्ये एक दिवसही खेळलेला किंवा कोच राहिलेला नसताना.

पायरी ९: अर्ज

जागा जास्त करून जून ते ऑगस्टमध्ये हलतात, एक हेड कोच बदलला की मागे सगळी साखळी. अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचे मेंबर व्हा, त्यांचं जानेवारीचं कन्व्हेन्शन एकदा तरी गाठा, तिथे देशभरातले कोच येतात आणि निम्म्या ओळखी हॉटेलच्या लॉबीत होतात. मेल हेड कोचला थेट, दोन परिच्छेद, त्याच्या टीमची गेल्या सीझनची बॅटिंग बघून लिहिलेला. कोणत्या जागा भरून काढता ते सांगा, टॉस आणि बीपी टाकता, कॅचर्स सांभाळता, बस चालवायचं लायसन्स आहे, हे छोट्या कॉलेजला खरंच हवं असतं. सोबत दोन हिटर्सचे आधी-नंतरचे व्हिडिओ, आणि संदर्भ म्हणून एका कोचचं आणि एका खेळाडूचं नाव, दोघांना आधी विचारून. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, तोही सकाळी, दुपारी तो मैदानावर असतो.